थेंबाची कड आणि मागाचा हादरा

मामाचा टॉवेलचा कारखाना पूर्व भागात होता. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली आठ यंत्रमाग. सोलापुरात एवढ्यालाही कारखानाच म्हणतात. आत पाऊल टाकलं की बोलणं बंद आणि हातवारे सुरू. दाराशी एक लोखंडी टेबल होतं. त्यावर हिशेबाची वही, तेलाची बुधली आणि पाण्याचा तांब्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा तिथला उद्योग एकच: तांब्यात बोट बुडवायचं, टेबलावर थेंब सोडायचा आणि तो कुठं जातो ते बघत बसायचं.

थेंब दाराकडे जायचा. घरंगळत नाही, तर अडखळत, जागच्या जागी थरथरत, मध्येच बोटभर पुढं सरकत. टेबलाला वर्षानुवर्षं तेलाचे हात लागलेले असल्यामुळं पाणी पसरत नसे, मण्यासारखं उभं राही. आणि लाईट गेली, माग थांबले, की थेंबही थांबायचे. अर्ध्या वाटेवर, जिथं असतील तिथं. लाईट आली की परत निघायचे.

"काय बघलालास बे?" मामानं एकदा विचारलं. मी सांगितलं. त्यानं टेबलाच्या एका पायाखालचा पुठ्ठा दाखवला आणि म्हणाला, "टेबल वाकडं हाय, दुसरं काय."

तेव्हा पटलं. पण ते उत्तर अर्धंच होतं. टेबल वाकडं होतं म्हणून थेंब दाराकडे जात होता हे खरं. मग माग बंद असताना का जात नव्हता? टेबल तर तेव्हाही तेवढंच वाकडं होतं.

आवाजाच्या लहरींनी पाण्याचे बारीक थेंब हवे तिथं नेण्याचं एक अख्खं शास्त्र आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतं आहे, आणि त्याची सुरुवात नेमकी याच प्रश्नापासून होते. आवाज थेंबाला वाऱ्यासारखा ढकलत असेल, अशी आपली पहिली कल्पना असते. मीही तेच धरून चाललो होतो. पण खरी अडचण ढकलण्याची नाहीच. थेंब कडेला अडकलेला असतो आणि तिथून त्याला सोडवावं लागतं.

पावसात बसच्या खिडकीकडे बघा. काच अगदी उभी, तरी त्यावर थेंब लटकून असतात. नीट पाहिलं तर लटकलेला थेंब गोल नसतो. खालच्या बाजूला पोट सुटलेलं, वरच्या बाजूला निमुळता. पाणी, काच आणि हवा हे तिघं जिथं भेटतात ती रेघ म्हणजे थेंबाची कड. ही कड चिवट असते. काचेवरच्या बारीक ओरखड्यांत, धुळीच्या कणांत, तेलकट डागांत ती गुंतते. तिला पुढं सरकायचं असेल तर पाण्यानं आधी तिच्यावर पुरेसं ओठंगून यावं लागतं, आणि मागं सरायचं असेल तर पुरेसं चपटं व्हावं लागतं. पुढं सरतानाचा आणि मागं सरतानाचा असे पाण्याचे कडेशी दोन कोन होतात. या दोन कोनांमधला फरक जितका मोठा, तितका थेंब हट्टी. अळवाच्या पानावर हा फरक जवळजवळ नसतो, म्हणून तिथं पाणी पाऱ्यासारखं पळतं. घासलेल्या स्टीलच्या ताटावर तो भरपूर असतो.

मग थेंब लहान झाला की तो हलवणं सोपं होत असेल? उलट होतं. थेंब सगळ्या बाजूंनी दहापट लहान केला तर त्याचं वजन हजारपट कमी होतं, पण कडेची लांबी दहापटच कमी होते. वजन खाली ओढतं, कड धरून ठेवते. म्हणजे लहान होता होता ओढणारा दुबळा होत जातो आणि धरणारा त्यामानानं बलवान. पाण्याच्या बाबतीत हा तराजू साधारण २.७ मिलिमीटरच्या आसपास झुकतो. त्याहून मोठ्या आकारात गुरुत्वाकर्षणाचं राज्य, लहान आकारात पृष्ठताणाचं, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला आवळून धरणाऱ्या ताणाचं. बादली ओतणं सोपं आहे, पण एका लहान थेंबाला "इकडून तिकडं जा" म्हणणं महाकठीण.

माझी मामेबहीण इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळं तिच्याकडं या अडचणीचं रोजचं रूप बघायला मिळतं. तिच्या हातातल्या मायक्रोपिपेटनं ती १० मायक्रोलिटर पाणी उचलते. म्हणजे १० मिलिग्रॅम, ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाच्या साधारण पाचवा हिस्सा. इतकं थोडं द्रव एका नळीतून दुसऱ्या नळीत न्यायचं तर दर वेळी नवी प्लास्टिकची टिप, दर वेळी थोडं पाणी आतल्या भिंतीला चिकटून वाया. बारीक नळ्या आणि पंप वापरावेत तर नळीतच नमुना संपायचा. म्हणून शास्त्रज्ञांनी विचार उलटा केला: नळी नकोच. थेंब उघड्यावर, सपाट चकतीवर ठेवू आणि चकतीच अशी हलवू की थेंब आपणहून निघेल.

आता मामाच्या टेबलाकडं परत येऊ. यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो, फणी ठोका देते. सेकंदाला दोनेक वेळा. प्रत्येक ठोक्याला फरशी हादरते, फरशीवरचं लोखंडी टेबल घंटेसारखं आपल्या लयीत झणझणत राहतं. थेंब हे सगळं अंगावर घेतो. पाण्याचा थेंब ही एक स्प्रिंगच आहे: दाबला तर चपटा होतो, सोडला तर पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करतो, आणि गोल होता होता तो जास्तच उंच होतो. हा झोका किती वेगानं चालेल याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८७९ मध्येच करून ठेवलं. १० मायक्रोलिटरच्या, हवेत मोकळ्या असलेल्या पाण्याच्या थेंबासाठी आकडा येतो सेकंदाला साधारण ७८ झोके. पृष्ठभागावर बसलेल्या थेंबाचा आकडा वेगळा, पण पल्ला तोच. गणपतीच्या मिरवणुकीतल्या ढोलाच्या घुमाऱ्याच्या आसपासचा. थेंब मोठा असेल तर झोका सावकाश, लहान असेल तर चटपटीत.

थेंब असा झुलायला लागला की कडेवरचा ताण प्रत्येक झोक्याला कमीजास्त होतो. एका क्षणी कड इतकी ताणली जाते की ओरखड्यातून सुटते, पुढच्या क्षणी पुन्हा पकडते. ज्या क्षणी ती सुटलेली असते त्या क्षणी टेबलाचा तो पुठ्ठ्याएवढा उतारही थेंबाला पुरतो. हादरा थेंबाला दाराकडे नेत नव्हता. हादरा फक्त सोडवत होता. दिशा पुठ्ठा देत होता.

हे पडताळून बघण्यासाठी मी मध्यंतरी घरी एक खटपट केली. जुन्या होम थिएटरचा चार इंची स्पीकर, फोनवर टोन काढणारं एक फुकट ॲप, आणि एक काचेची पट्टी, जिच्यावर मेणबत्ती घासून मऊ कापडानं पुसून घेतली. पट्टी स्पीकरच्या मधल्या टोपीवर दुहेरी टेपनं चिकटवली. स्पीकरखाली वह्या सारून थोडा उतार दिला. मामेबहिणीनं आणलेल्या जुन्या पिपेटनं एक थेंब ठेवला. पहिल्या खेपेला मी आवाज भलताच मोठा लावला आणि थेंब उडून स्पीकरच्या कागदी पडद्यावर. तो वाळवण्यात संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी आवाज बारीक ठेवून सुरुवात ३० हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला ३० कंपनांपासून केली आणि हळूहळू वर गेलो. चाळीसपर्यंत थेंबाला काही घेणंदेणं नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर त्याच्यावर पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब धूसर झालं. ५८ ला तो सरळ नाचू लागला, मान हलवणाऱ्या बाहुलीसारखा. आणि खाली निघाला. ८० ला नेलं तर पुन्हा जागच्या जागी थांबला, आवाज तेवढाच असून. फोनच्या स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तेव्हा कड दिसली: खालची बाजू पुढं सरकते, मागं येताना थोडी कमी येते, वरची बाजू उशिरानं, ओढल्यासारखी. बाळ रांगतं तसं.

उतार वापरून थेंब खाली आणणं ठीक. पण चकती सपाट असेल आणि थेंब कुठंही न्यायचा असेल, तर पुठ्ठ्याची जागा दुसऱ्या कशानं तरी घ्यायला हवी. इथं दोन वाटा फुटतात.

पहिली वाट हालचालीतच डावं-उजवं करायची. २००७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या ब्रुने, एगर्स आणि डीगन या तिघांनी थेंब चढावर चढवून दाखवला. तिरकी पट्टी सरळ वरखाली हलवायची, बास. पट्टी खाली झपाट्यानं जाते तेव्हा थेंबाला क्षणभर हलकं वाटतं, लिफ्ट खाली निघताना पोटात होतं तसं. त्या क्षणी तो उंच होतो, लवचिक होतो, आणि मागं राहण्याच्या ओढीनं चढाच्या बाजूला झुकतो. पट्टी वर येते तेव्हा तो दाबला जातो, चपटा होतो, ओढ उताराकडे असते. पण चपटा थेंब सहजासहजी झुकत नाही. म्हणजे वर जायच्या वेळी मोकळा आणि खाली यायच्या वेळी जखडलेला. हादरा पुरेसा जोरकस असेल तर प्रत्येक फेरीत थोडा थोडा वर. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

दुसरी वाट पृष्ठभागच एकतर्फी घडवायची. हे समजायला माळरानावर जावं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला गवतातून चालून आलात की पायजम्यात कुसळं शिरतात, आणि चालाल तशी ती वर वर चढतात. कुसळाला कोणी ढकलत नाही. त्याच्या अंगावर बारीक केस असतात, सगळे एकाच दिशेला झुकलेले. कापड पुढंमागं घासतं, पण कुसळ एकाच बाजूला सरकू शकतं; दुसरीकडं केस अडतात. हालचाल दुतर्फी, प्रवास एकतर्फी. शाळेत असताना आम्ही मित्रांच्या बाहीत कणीस सोडायचो आणि ते काखेपर्यंत पोचायची वाट बघायचो, त्याचं शास्त्र हेच.

सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल बोरिंगर यांच्या गटानं थेंबासाठी अशीच कुसळाची वाट बनवली. त्यावरचा त्यांचा एक महत्त्वाचा निबंध २०१२ चा. चकतीवर एकामागं एक बारीक कमानी कोरलेल्या, चंद्रकोरी ओळीत मांडाव्यात तशा, सगळ्यांचा फुगवटा एकाच दिशेला. थेंब या कमानींवर बसतो. त्याची एक बाजू कमानीच्या वळणाशी तंतोतंत जुळते, म्हणजे तिथली कड एका अख्ख्या कमानीवर सलग टेकलेली असते. समोरच्या बाजूला थेंबाचं वळण उलटं आणि कमानीचं वेगळं. तिथं कड तुकड्यातुकड्यांत टेकते. आता चकती खालून हलवली की थेंब पसरतो, आकसतो. पसरताना दोन्ही बाजू बाहेर जातात. आकसताना सलग टेकलेली बाजू धरून ठेवते आणि तुकड्यांवरची बाजू सुटून आत येते. एका झोक्यात एक पाऊल. चकतीवर मोटर नाही, तारा नाहीत, वीज नाही. खाली एक कंपन देणारं साधन, आणि वरच्या नक्षीत वाट ठरलेली.

यात एक गंमतही दडलेली आहे. मोठ्या आणि लहान थेंबांची लय वेगळी असल्यामुळं एकाच चकतीवर दोन थेंब असतील तर सूर बदलून एकाला हलवता येतं आणि दुसऱ्याला बसवून ठेवता येतं. ५८ ला माझा थेंब निघाला आणि ८० ला थांबला ते आठवा.

सोलापूरकराला पृष्ठभाग घडवणं नवं नाही, हेही इथं म्हणून घेतो. नवाकोरा टेरी टॉवेल पाणी टिपत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. सूत तेच, पण वरचं फिनिश पाण्याला दूर ठेवतं. दोन-चार धुण्यांत ते गेलं की तोच टॉवेल पाणी पिऊ लागतो. वस्तू बदलत नाही, तिचा सर्वांत वरचा थर बदलतो, आणि पाण्याचं वागणं पालटतं. प्रयोगशाळेतल्या चकत्यांवर रेणूंच्या जाडीचे पाणी-नाकारणारे थर चढवतात तेही याच हिशेबानं.

इथपर्यंत आपण कानाला ऐकू येणाऱ्या, ढोलाच्या पट्टीतल्या आवाजाबद्दल बोललो. या विषयातला मोठा हिस्सा मात्र त्याहून लाखोपटीनं वरच्या सुरांचा आहे. तिथं सगळा खेळच बदलतो, कारण तिथं लाटेलाच दिशा असते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापुरात ज्यांनी जागून काढली त्यांना जमिनीवरून धावणारी लाट म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. किल्लारी इथून लांब, तरी मांडणीवरची भांडी खणखणली होती. भूकंपाच्या लाटांत एक जात अशी असते की ती खोल खडकातून न जाता पृष्ठभागालगत पळते. जमिनीचा प्रत्येक कण लंबगोल फिरतो, आणि खाली जावं तशी हालचाल झपाट्यानं विरत जाते. या लाटेचं गणित १८८५ मध्ये मांडलं ते पुन्हा रॅलींनीच, आणि ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. हीच लाट नखाएवढ्या स्फटिकावर उठवली तर? भूकंप तोच, फक्त लाटेची लांबी केसाच्या दोन-तीन जाडींएवढी.

उठवायची कशी, याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या लायटरचं बटण दाबलं की आत एका स्फटिकावर हातोडी बसते आणि ठिणगी पडते, दाबातून वीज. हा गुण पिअर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. त्याची उलटी बाजूही खरी आहे: असल्या स्फटिकाला वीज दिली की तो ताणतो किंवा आकसतो. लिथियम नायोबेट नावाचा स्फटिक यात पटाईत. त्याच्या गुळगुळीत पाठीवर धातूच्या दोन बारीक फण्या छापतात, एकीचे दात दुसरीच्या दातांमध्ये शिरलेले, पण कुठंही न टेकलेले. एका फणीला एक तार, दुसरीला दुसरी. विजेची दिशा सेकंदाला दोन कोटी वेळा उलटसुलट झाली की दातांमधला स्फटिक तेवढ्याच वेळा ताणतो-आकसतो आणि पाठीवरून लाट निघते. ही फण्यांची युक्ती व्हाइट आणि वोल्टमर यांनी १९६५ मध्ये मांडली. तेव्हा कुणाच्या मनात थेंब नव्हते. ती रडार आणि दूरसंचारासाठी होती. आजही तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये नको त्या लहरी गाळून टाकायला असल्याच फण्या असतात.

आकडे मांडून बघू. या स्फटिकावर लाट सेकंदाला सुमारे ४,००० मीटर पळते. २ कोटी हर्ट्झला तिची लांबी येते ०.२ मिलिमीटर, आणि फणीचा एकेक दात तिच्या चौथाईएवढा, ०.०५ मिलिमीटर. पृष्ठभाग वरखाली होतो तो जेमतेम एखादा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशानं काय होणार, असं वाटेल. पण सेकंदाला दोन कोटी वेळा एक नॅनोमीटर वरखाली व्हायचं तर पृष्ठभागाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सोळा लाख पटींच्या घरात जातं. अंतर नगण्य, झटका भयानक.

लाट थेंबाखाली पोचली की पाण्यात शिरते. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १,५०० मीटरच्या आसपास, म्हणजे स्फटिकावरच्या वेगापेक्षा खूपच कमी. त्यामुळं ती सरळ वर जात नाही, वळते. उभ्या रेषेपासून साधारण २२ अंशांवर, पुढच्या दिशेला. थेंबाच्या तळाच्या रुंदीतच तिचा बहुतेक जोर पाण्यात उतरतो आणि पाणी त्या तिरक्या दिशेनं वाहू लागतं. लाट विरते, पण तिचा रेटा विरत नाही. तो पाण्याच्या हाती येतो.

इथून पुढं सगळं जोरावर अवलंबून. वीज थोडी दिली तर थेंब जागेवरच राहतो आणि आतलं पाणी घुसळलं जातं, रवीनं घुसळावं तसं. हे फार कामाचं आहे, कारण इतक्या लहान थेंबात दोन द्रव आपसूक मिसळत नाहीत, मुंगीच्या पावलानं झिरपत राहतात. वीज वाढवली की थेंब पुढं झुकतो, पुढची कड ओठंगते, मागची चपटी होते (बसच्या काचेवरच्या थेंबासारखी, फक्त इथं खेच आवाजाची) आणि थेंब निघतो, सेकंदाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. आणखी वाढवली की पाणी कारंजासारखं उसळतं, आणि त्याही पुढं थेंबाचं धुकं होऊन जातं. एकच चकती, आणि फक्त विजेचं बटण कमीजास्त करून रवी, हमाल आणि वाफेचं मशीन अशी तिन्ही कामं.

तरीही कड सुटत नाही आपल्याला. स्फटिकाची पाठ नुसती ठेवली तर पाणी तिच्यावर पसरतं आणि बरीच वीज दिली तरी थेंब सहजासहजी जागचा हलत नाही, गरम मात्र होतो. म्हणून पाठीवर पाणी-नाकारणारा थर द्यावा लागतो, आणि हव्या त्या वाटेवर किंवा थांब्यावर तेवढा काढून टाकावा लागतो. जर्मनीत आउग्सबुर्ग विद्यापीठात अखिम विक्सफोर्थ यांच्या गटानं या शतकाच्या सुरुवातीला अशा चकत्या बनवल्या, ज्यांवर चहूबाजूंनी फण्या आणि मध्ये थेंबांचे थांबे. कुठल्या फणीला केव्हा वीज द्यायची ते ठरवलं की थेंब एका थांब्यावरून दुसऱ्यावर जातो, तिथं दुसऱ्या थेंबात मिसळतो, पुढं निघतो. जॅकार्ड चादरीवर कुठला धागा केव्हा उचलायचा हे जसं भोकांची कार्डं ठरवतात, तसंच. मामाला हे सांगितलं तेव्हा त्याला फण्या आणि कार्डं दोन्ही लगेच कळली. स्फटिकावर मात्र त्याचं मत पडलं की एवढ्या महागाच्या वस्तूवर रक्त सांडायचं म्हणजे डोकं फिरलंय.

त्याचं म्हणणं रास्तच होतं. लिथियम नायोबेटची चकती एका तपासणीनंतर टाकून द्यायची वस्तू नव्हे. यावर ग्लासगो विद्यापीठात निघालेला तोडगा मला सगळ्यांत आवडतो. महागडा स्फटिक खाली कायमचा. त्यावर पाण्याचा पातळ थर. त्यावर एक स्वस्त, वापरून टाकायची चकती. मधला पाण्याचा थर सोनोग्राफीच्या जेलसारखं काम करतो: हवेची फट राहिली तर आवाज अडतो, द्रव असेल तर पार होतो. वरच्या चकतीवर बारीक भोकांची नक्षी असते. ती आवाजाला काही ठिकाणी अडवते, काही ठिकाणी वळवते, म्हणजे नक्षी बदलली की काम बदललं. या पद्धतीनं त्यांनी रक्ताच्या थेंबातल्या पेशी फोडून, तिथल्या तिथं तापवून, मलेरियाच्या परजीवीचा डीएनए ओळखून दाखवला. तो निबंध २०१२ चा. थेंब तापतो ही एरवी डोकेदुखी, कारण प्रथिनं उष्णतेनं बिघडतात. इथं मात्र तीच उष्णता कामाला लावली, डीएनएच्या प्रती काढायला ती लागतेच.

हे सगळं मी मामेबहिणीला उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "दादा, पाणी पळवलंस ते ठीक हाय. आमच्याकडं पाणी येत नाही तपासायला." आणि रक्त तर घरी नकोच, म्हणून फ्रिजमधून दूध काढलं.

तीच मेण घासलेली पट्टी, तोच उतार, तोच स्पीकर. आधी पाण्याचा थेंब सोडला. ५८ वर लावताच दोन मिनिटांत पट्टीच्या टोकाला. मग तिनं तेवढाच दुधाचा थेंब ठेवला. तो ठेवतानाच पाण्यापेक्षा चपटा बसला. मी ५८ लावलं, ५० लावलं, ६५ लावलं. पोट हललं, वरचा भाग थरथरला, कड मात्र केसभर सरकली नाही. दुधातली प्रथिनं मेणावर चिकटून आपली स्वतःची गादी घालून बसली होती. आता खाली मेण नव्हतंच, प्रथिनांचा थर होता, आणि त्याला पाण्याचं वावडं नव्हतं. रक्तातली प्रथिनंही हेच करतात. या क्षेत्रातली बरीच मेहनत आज आवाजापेक्षा यावरच खर्च होते आहे: कुणी थेंबाभोवती तेलाचा थर ठेवतो, कुणी थेंब तेलावरच तरंगवतो, म्हणजे कडेला टेकायला घन पृष्ठभागच मिळू नये.

आवाज वाढव, ती म्हणाली. मी वाढवला. थेंबातून एक बारीक शिंतोडा उडाला आणि पडद्यावर पडला, त्याच जुन्या डागाशेजारी. सकाळी पट्टीवर दुधाचं गोल वाळलेलं वर्तुळ होतं, काठाला जाड, मध्ये पातळ, आणि नखानं खरवडल्याशिवाय निघेना.